सिनेमातला घोडा दमत का नाही?

बर्डीचा_प्रेक्षक

गेल्या रविवारी नऊ वर्षांच्या भाचीला घेऊन नागपुरात वर्धा रोडच्या मल्टिप्लेक्समध्ये एक ऐतिहासिक सिनेमा पाहून आलो. नाव लिहीत नाही, कारण तक्रार त्या एकाच सिनेमाची नाही. शेवटची लढाई वीसेक मिनिटं चालते. हजारो घोडे, हत्ती, ढासळणारे बुरूज, आभाळभर बाण. मध्येच भाची कानाशी लागून म्हणाली, "मामा, हे घोडे दमत कसे नाहीत?"

मग मीही नीट पाहिलं. घोड्यांच्या तोंडाला फेस नाही, मानेवर घाम नाही. टापा पडतात, चिखल उडतो, पण मागे ठसा राहत नाही. माणूस घोड्यावरून पडतो तो रिकामं पोतं भिरकावल्यासारखा पडतो. त्यानंतर सिनेमा संपेपर्यंत मला दुसरं काही दिसलंच नाही.

माझं मत स्पष्ट लिहितो. संगणकाच्या करामतीने सिनेमातलं वजन गेलं. मी जुन्याचे गोडवे गाणारा माणूस नाही. १९९३ साली 'जुरासिक पार्क' आला तेव्हा मी आठवीत होतो आणि महिनाभर तेच डोक्यात होतं. १२७ मिनिटांच्या त्या सिनेमात डायनासोर दिसतात जेमतेम पंधरा मिनिटं, आणि त्यातली संगणकावर केलेली साधारण सहा. बाकीची जनावरं स्टॅन विन्स्टनच्या चमूने बनवलेली, आत लोखंडी सांगाडा आणि वर रबरासारखी कातडी. पावसाच्या प्रसंगात त्या अजस्र टी-रेक्सच्या कातडीत पाणी मुरलं, तो जड झाला आणि थरथरायला लागला. दोन शॉटच्या मध्ये माणसं टॉवेलने त्याचं अंग पुसत बसायची. आणि तो यायच्या आधी काय दिसतं? पेल्यातलं पाणी थरारतं. डॅशबोर्डखाली गिटारची तार ताणून ती छेडली होती म्हणे. एवढ्या मोठ्या जनावराचं वजन एका तारेने दाखवलं!

हे सुचलं कारण हवं ते दाखवता येत नव्हतं. आता येतं, म्हणून कोणी विचार करत नाही. चाळीस हत्ती कमी वाटले की चारशे करा. माझं म्हणणं असं की संगणकाने सिनेमाचं जेवढं भलं करायचं तेवढं १९९३ ते २००३ या दहा वर्षांत करून झालं. त्यापुढे नुसती भर आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहावं, मी वाद घालायच्या तयारीनेच बसलोय.

रोटोवाला

भाऊ, घोड्याचं तुमचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे. पण चोर सोडून तुम्ही भलत्यालाच धरून राहिले.

मी रोटो आर्टिस्ट. सहा वर्षं मुंबईत स्टुडिओत होतो, आता मनीषनगरात घरून काम करतो. रोटो म्हणजे काय ते सांगतो, कारण दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं. नटाच्या मागे दुसरं काही लावायचं असेल तर आधी नटाला त्याच्या पार्श्वभूमीतून कापून वेगळं काढावं लागतं. सेकंदाला २४ फ्रेम. पाच सेकंदांच्या शॉटच्या १२० फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेममध्ये खांदा, कोपर, बोटं, ओढणीचं टोक, कानामागून सुटलेली बट, या सगळ्याभोवती रेघ. हिरव्या पडद्यासमोर शूट केलं असेल तर बरंच काम सोपं होतं. पण हिरवा पडदा नीट लावायला वेळ लागतो, म्हणून सेटवर म्हणतात, "पोस्टमध्ये बघू," म्हणजे शूटिंग संपल्यावरच्या कामात. ते पोस्टमध्ये बघणारे आम्ही.

आता घोडा दमत का नाही? जनावर जड वाटतं ते जमिनीला टेकतं तिथे. टापेखालची बारीक काळी सावली, दबलेली माती, मागाहून उठणारी धूळ. ही शेवटची कामं असतात आणि वेळ संपला की पहिल्यांदा हीच कापली जातात. एका सिनेमात लढाईची प्लेट, म्हणजे सेटवरचं मूळ चित्रीकरण, भर दुपारची होती, सावल्या पायाखाली गोळा झालेल्या. प्रदर्शनाला तीन आठवडे राहिले असताना ठरलं की लढाई संध्याकाळची हवी. मागचं आभाळ केशरी झालं, नटांच्या नाकाखाली सावली दुपारचीच राहिली. तुमच्या भाचीला त्यातलं तंत्र कळणार नाही, पण काहीतरी खोटं आहे हे तिला लगेच कळते. यात संगणकाने काय केलं? हा निर्णय माणसाचा आहे.

आणि तुम्ही जे चांगलं व्हीएफएक्स, म्हणजे पडद्यावरची संगणकी करामत, पाहिलं ते तुम्हाला दिसलंच नाही, म्हणून तुमच्या हिशोबात ते येत नाही. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' २०१५ चा. खऱ्या गाड्या, खरे स्टंट म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं, आणि ते खरंच होतं. पण त्यातल्या सुमारे २,००० शॉटना व्हीएफएक्सचा हात लागलेला आहे. स्टंट करणाऱ्याच्या कमरेची दोरी पुसली, आभाळ बदललं, वाळवंटातले आधीच्या टेकचे टायरचे ठसे काढले. आमचं काम जमलं की नाव दुसऱ्याचं आणि फसलं की शिवी आम्हाला.

महालचा_मास्तर

निवृत्त शिक्षक आहे, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आपला सिनेमा करामतीतूनच जन्मला. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीत मटार लावून त्याची वाढ रोज थोडी थोडी चित्रित केली होती आणि ते झाड डोळ्यांदेखत वर येताना दाखवलं होतं. पुढे १९१७ साली 'लंकादहन'मध्ये मारुती उडाला. १९१९च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी कृष्ण होऊन नागाशी झुंजली. १९३६ साली प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये विमान वैकुंठाला गेलं, १९४० साली 'संत ज्ञानेश्वर'मध्ये भिंत चालली. बाबूभाई मिस्त्रींनी १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'त काळ्या दोऱ्याने वस्तू अशा हलवल्या की लोक त्यांना 'काला धागा' म्हणायला लागले.

यातलं काय खरं होतं? काळा दोरा खरा आणि संगणकातली रेघ खोटी, असं कसं म्हणता येईल? बर्डीकरांना १९९३ ला ते आठवीत होते म्हणून तो काळ खरा वाटतो. माझ्या आठवणीतली टाळी १९८७ च्या 'मिस्टर इंडिया'ला आहे. लाल काच डोळ्यांसमोर धरली की अदृश्य माणूस दिसायचा. त्यातल्या करामती करणाऱ्या पीटर परेरांनी ते सगळं कॅमेऱ्यातच साधलं होतं. माझे विद्यार्थी लाल जिलेटिनचे कागद घेऊन वर्गात यायचे.

बर्डीचा_प्रेक्षक

सर, 'तुकाराम'चं उदाहरण तुम्ही दिलं ते बरं केलं, कारण ते माझ्याच बाजूचं आहे. विमान येतं ते अगदी शेवटी. तोवर तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनिसांचा चेहरा आपण मन भरून पाहिलेला असतो. जिजाईची चूल, तिचा वैताग, तिची भाकरी, सगळं ओळखीचं झालेलं असतं. विमान वर जातं तेव्हा माझं लक्ष खाली राहिलेल्या जिजाईकडे असतं. सगळं वजन तिच्याकडे आहे. आजचा दिग्दर्शक पहिल्या पाच मिनिटांत चार विमानं उडवेल आणि जिजाईचा प्रसंग लांबी कमी करायची म्हणून कापेल.

रोटोवाले भाऊ, तुमच्या कामाबद्दल माझ्या मनात अनादर नाही. पण "पोस्टमध्ये बघू" हे वाक्य बोलता येतं ते पोस्टमध्ये काहीही होऊ शकतं म्हणूनच नं? १९३६ साली 'तुकाराम' करणाऱ्या दामले-फत्तेलालांना ते म्हणता आलं नसतं. सोय झाली की आळस येतो. म्हणजे दोष सोयीकडे जातोच.

सिल्लारी_गाइड

मी पेंचमध्ये जिप्सीवर गाइड आहे, चौदा वर्षं झाले. सिनेमाचं मले जास्त समजत नाही, पण वाघाचं सांगतो.

वाघ चालते तवा त्याच्या खांद्याचे दोन हाडं पाठीच्या वर येतात, एक वर, एक खाली. पोटाखालची कातडी लोंबते आणि पावलाच्या मागून हलते, पावलासोबत नाही. पुढचा पाय जिथं टेकला जवळजवळ तिथंच मागचा टेकते. सागाच्या वाळल्या पानावरून आपण चाललो तर अर्ध्या जंगलाले ऐकू जाते, तो शंभर मीटरवरून येते तरी आवाज नाही. वजन दीड-दोनशे किलोचं!

सिनेमातला वाघ ओळखायची माझी खूण वेगळी आहे. तो सारखा माणसाकडे पाहते. खरा वाघ पाहत नाही. जिप्सीच्या दहा फुटांवरून जाते आणि तुमच्याकडे ढुंकून बघत नाही. त्याच्या कानाकडे पाहाल तर कान मात्र तुमच्याकडे वळलेला असते.

२०१२ च्या 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ मी तीनदा पाहिला. थोड्या ठिकाणी खरा वाघ आहे, बाकी कॉम्प्युटरचा, असं मले नंतर कळलं. कोणता कोणता ते मले सांगता आलं नाही. तो होडीत थकून पडते, ओले केस अंगाले चिकटलेले, फासळ्या दिसून राहिल्या, तवा माह्या पोटात कालवलं. असा उपाशी म्हातारा वाघ मी जंगलात पाहिला आहे, तो असाच निजलेला होता. म्हणून बर्डीच्या भाऊले म्हणतो, कॉम्प्युटरच्या जनावराले वजन नसते हे मले पटत नाही. ज्यानं तो बनवला त्यानं वाघाकडे बसून पाहिलं असन, एवढं नक्की.

रोटोवाला

दादा, तुमचा कान वळलेला वाघ मी जन्मभर विसरणार नाही.

तुम्ही म्हणता तसंच आहे. असा वाघ करताना आधी हाडं करतात, त्यावर स्नायू, त्यावर सैल सरकणारी कातडी आणि शेवटी केस. तुम्ही सांगितलेलं मागून हलणारं पोट त्या सैल कातडीमुळे येते. अॅनिमेटर खऱ्या वाघाचं चित्रीकरण तासन्‌तास पाहतात.

त्या वाघाची पुढची गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. तो ज्यांनी केला त्या 'रिदम अँड ह्यूज' कंपनीने २०१३ च्या फेब्रुवारीत दिवाळखोरी जाहीर केली. त्याच महिन्यात त्या कामाला ऑस्कर मिळालं. बाहेर रस्त्यावर व्हीएफएक्सवाले निदर्शनं करत होते. आत पुरस्कार घेणाऱ्याने कंपनीच्या अडचणीचं बोलायला सुरुवात केली तर संगीत वाजवून त्याला थांबवलं. त्या कंपनीची मुंबई आणि हैदराबादमध्येही ऑफिसं होती, आपलीच पोरं तिथे बसत होती. मी तेव्हा नुकताच या कामाचा क्लास लावला होता, धरमपेठेत. सरांनी आम्हाला ते भाषण दाखवलं आणि विचारलं, अजून ज्यांना यायचं आहे त्यांनी हात वर करा. मी केला.

झाडीपट्टी_रंगारी

वडसा-देसाईगंजकडे नाटकांचे पडदे रंगवत होतो, आता वयाने सुटलं. सध्या मुलाकडे नागपुरात असतो.

दिवाळीनंतर धान निघालं की आमचा हंगाम. रात्रभर नाटक, पहाटेपर्यंत गर्दी. माझ्याकडे जंगलाचा पडदा, महालाचा पडदा, रस्त्याचा पडदा. जंगल रंगवताना जवळचं झाड गडद हिरवं, त्यामागचं फिकं आणि सगळ्यात मागचं निळसर ठेवायचं, म्हणजे वीस फुटांच्या स्टेजवर दोन कोस जंगल दिसतं. हे मला कोणी शाळेत शिकवलं नाही, गुरूच्या हाताखाली डबे धुताना शिकलो.

मुलाने एकदा संगणकावर दाखवलं, हॉलिवूडमध्ये पूर्वी काचेवर डोंगर-किल्ले रंगवायचे, मधली जागा मोकळी ठेवायचे आणि त्या जागेत खरे नट दिसायचे. मॅट पेंटिंग म्हणतात. आता तेच संगणकावर रंगवतात. पाहतो तर काय, मागचं झाड निळसरच! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दूरच्या लोकांचा आणि माझा धडा एकच निघाला.

तरीही मी बर्डीकरांच्या बाजूने आहे. सिनेमाचे मोठे पोस्टर हाताने रंगवणारे माझे दोन मित्र होते. फ्लेक्स आलं आणि दोन वर्षांत त्यांची ब्रशं वाळली. एकाने पुढे पानठेला टाकला. संगणकवाले म्हणतात कला तीच, साधन बदललं. कला तीच असेल, पण ती ज्याच्या हातात होती तो माणूस घरी बसला. हे कोणी मोजत नाही.

कोर्ट_आणि_कचेरी

वकील आहे, थोडक्यात लिहिते. सगळे घोड्याच्या घामाबद्दल बोलताय, घोड्याबद्दल कोणीच नाही.

१९३६ च्या 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड'मध्ये धावत्या घोड्यांच्या पायांत तारा अडकवून त्यांना पाडलं होतं. कितीतरी घोडे मेले. त्यावरून मोठी ओरड झाली, आणि पुढे हॉलिवूडमध्ये सेटवर जनावरांसाठी देखरेख सुरू झाली. आपल्याकडे केंद्र सरकारने १९९८ साली वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांना खेळ-करमणुकीसाठी वापरायला बंदी केली, आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. बाकीच्या जनावरांसाठी सिनेमावाल्यांना रीतसर परवानगी घ्यावी लागते.

पडद्यावर दिसणारं ते 'वजन' पूर्वी कुणीतरी मोडक्या पायाने चुकवलंय. स्टंट करणाऱ्या माणसांनीही. दोरी पुसता येते म्हणून आज दोरी बांधता येते. माझ्यासाठी वाद इथेच मिटतो. घोडा थोडा खोटा दिसला तरी चालेल.

बर्डीचा_प्रेक्षक

ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि उगाच काढणारही नाही. घोडा पाडू नये. हे मी आधी लिहायला हवं होतं.

पण खोटा दिसला तरी चालेल, हे मात्र मला मान्य नाही. गाइडदादांनी सांगितलेला होडीतला वाघही खोटाच होता, तरी त्यांच्या पोटात कालवलं. म्हणजे जमतं. मग जमवत का नाहीत? मी "संगणकाने" म्हणालो तिथे आता "घाईने" म्हणायला तयार आहे. मात्र भर फार झाली आहे, हे माझं म्हणणं कायम. चारशे हत्ती पाहण्यापेक्षा एका हत्तीची भीती वाटणं मोठं.

रोटोवाला

आता आपण जवळ आलो. कमी दाखवा हे मीसुद्धा रोज रात्री मनात म्हणतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक चारशे हत्तींच्या मागे एक वैतागलेला रोटोवाला असतो.

कमी माणसांत कसं होतं ते जपानच्या 'गॉडझिला मायनस वन'ने दाखवलं. व्हीएफएक्सचे शॉट ६१०, काम करणारे आर्टिस्ट ३५. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी स्वतःच व्हीएफएक्सचा सुपरवायझर. सगळे एकाच ठिकाणी बसलेले. शॉट आवडला नाही तर तिथल्या तिथे सांगायचं, चार देशांत मेल फिरत नाहीत. २०२४ ला त्यांना व्हीएफएक्सचं ऑस्कर मिळालं. त्यात ती राक्षसी आकृती जहाजामागून येते तेव्हा पाणी बघा. पाणी जड आहे. बर्डीकर, खास तुमच्यासाठी सांगतो.

आणि रंगारी काका, तुमचं म्हणणं मला लागलं, कारण माझी पाळी आलेली आहे. आता नटाभोवतीची रेघ यंत्रच काढून देते. मला दिवसभर लागायचा त्या शॉटचा कच्चा रोटो काही मिनिटांत येतो. बटा आणि बोटं अजून माणसाला नीट करावी लागतात, पण नवीन पोरांना जिथून सुरुवात करायची होती ती पहिली पायरीच निघून गेली. 'जुरासिक पार्क'च्या वेळी फिल टिपेट नावाचा माणूस बाहुली हलवून डायनासोर करणार होता. संगणकाची चाचणी पाहिली आणि त्याला वाटलं आपण संपलो. पण त्याला काढलं नाही. त्याच्या हातातल्या बाहुलीला सेन्सर लावले आणि ती हलवली की संगणकातला सांगाडा हलायचा, कारण जनावर कसं चालतं ते त्यालाच माहीत होतं. काका, तुमच्या मित्रांना असं कोणी बोलावलं नाही. मला बोलावतील का, याचा विचार मी रोज करतो.

झाडीपट्टी_रंगारी

बाळा, मागचं झाड निळसर ठेवायचं हे ज्याला कळतं त्याची गरज पडते. डोळा सोडू नको.

बर्डीचा_प्रेक्षक

रोटोवाले भाऊ, तुमचं एखादं काम सांगा नं. भाचीला दाखवीन. तिने घोड्यातली चूक काढली, आता बरोबर काय असतं तेही पाहू दे.

रोटोवाला

सिनेमाचं नाव लिहिता येत नाही, करारात तसं आहे. मेसेजमध्ये पाठवतो. लढाईबिढाई काही नाही त्यात. मध्यंतरानंतर एक बाई खिडकीशी उभी आहे, बाहेर पाऊस, वाऱ्याने तिचे केस उडून राहिले. सात सेकंदांचा शॉट. पाऊस तिथे नव्हता, खिडकीबाहेर पार्किंग होतं. मे महिना, इथे बाहेर ४५ अंश, मशीन तापून बंद पडायचं म्हणून मी रात्री दहाला बसायचो आणि सकाळी सहाला उठायचो. अकरा रात्री लागल्या. तिच्या कानामागची एक बट पुढे येते आणि परत मागे जाते, तिच्याकडे लक्ष द्या.

बर्डीचा_प्रेक्षक

काल रात्री पाहिला. तो शॉट तीनदा मागे घेतला. भाची म्हणाली, "यात काय बघायचं मामा, पाऊसच तर पडतोय."